अर्धा इंच माया

लॅमिंग्टन रोडवरून निशीने आणलेला लॅपटॉप,
एक बिजागरी सैल, बाकी ठणठणीत.
चार हजार आठशे. त्यातले तीन हजार
वाडेकरबाईंच्या मुलीच्या लग्नातल्या ब्लाउजांचे.
दुकानदार बोलला नाही, घरी आल्यावर कळलं:
डिस्क बत्तीस जीबीची, बोर्डालाच चिकटवलेली,
बदलता येत नाही, वाढवता येत नाही.
ऐंशी सेंटीमीटरचा ब्लाउजपीस, म्हटलं मी.
गिऱ्हाईक आणून देतं तेवढ्यातच बसवायचं.

रात्रीचे साडेबारा. भांडुप, टेंभीपाडा, सातवा मजला.
मी हुक लावतेय, ती लिनक्स लावतेय.
पडद्यावर एक आडवी पट्टी, रंगीत तुकड्यांची,
आणि खाली लाल अक्षरांत: जागा अपुरी.
"जुनं विंडोज चोवीस अडवून बसलंय."
"मग उसव की."
"आत कुणाचे तरी फोटो आहेत, आई."

बघितले. तीनशे बारा फोटो,
सगळे फ्रिजच्या मागच्या बाजूचे.
गॅसच्या नळ्या, कॉम्प्रेसर, नंबरांच्या पट्ट्या,
एका कोपऱ्यात चपलेचा अंगठा.
कुणी दुरुस्तीवाला असणार, गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेले.
आम्ही दोघी जरा गप्प बसलो,
मग तिने ते उडवले.
कात्री पहिल्यांदा लावताना मीही श्वास धरते,
अजून, बावीस वर्षांनी.

"रूट म्हणजे?"
"ज्याच्याशिवाय उभंच राहत नाही ते."
म्हणजे पाठ आणि पुढचे दोन भाग.
"आणि स्वॅप?"
"मेमरी भरली की तेवढ्यापुरतं ठेवायची जागा."
म्हणजे माझी मांडी.
मशीनवर मावत नाही तेव्हा अर्धी साडी तिथेच असते.
"होम म्हणजे आपलं सामान. तुझी मापं, माझी कॉलेजची जर्नल्स."
"त्याला किती?"
"उरेल ते."
बाहीचंही तसंच असतं. उरल्यातून निघते,
आणि बाई आरशात आधी बाहीच बघते.

मग भाषा. जितक्या कमी, तितकी जागा सुटते.
ती वाचत गेली, खुणा काढत गेली:
फिनिश, कोरियन, कातालान, आणखी कुठल्या कुठल्या,
टेबलावरून झटकलेल्या चिंध्यांसारख्या गेल्या.
"मराठी?"
"आपण वापरणार इंग्रजीच."
"किती घेते?"
"सव्वीस एमबी."
"असू दे मग."
तिने मला दाखवायला पडदा मराठीत केला.
कचरापेटी. पूर्ववत करा. पुढे जा.
एका ठिकाणी: तुमचा फाईल हटवला गेली आहे.
आम्ही हसलो, पोट धरून, शेजारी झोपलेत हे विसरून.
पण कुणीतरी बसून लिहिलं असणार ते,
नोकरीवरून आल्यावर, फुकट, डोळे मिटत असताना.
तिरकी गेलेली टीप मला लगेच ओळखू येते.
ती घाईची असते, आळसाची नसते.

पट्टी पुन्हा समोर. निशीने शेवटचा तुकडा
ओढून टोकाला नेला, कडेपर्यंत.
"थांब. मागे घे."
"का?"
"दोन जीबी कुणालाच देऊ नकोस."
"रिकामे ठेवू? इथे? एवढ्याशात?"
"रिकामे नाही. माया."

वाडेकरांची मुलगी वर्षभरात परत येईल,
दंडात घट्ट होतंय म्हणत. सगळ्याच येतात.
आत अर्धा इंच सोडलेला असला की
मी काही न बोलता उसवते, आणि ती पुन्हा मावते.
नसला, तर कितीही चांगलं शिवलेलं असो,
कपाटात जातं.

निशीने मान हलवली, पटलं की कंटाळली कोण जाणे.
पट्टीच्या टोकाला एक करडा तुकडा राहिला,
नाव नसलेला. तिने एंटर दाबलं.

एक्केचाळीस टक्क्यांवर ती झोपली.
लॅपटॉप इस्त्रीसारखा तापला होता.
मी टेबलफॅन तिच्याकडून त्याच्याकडे वळवला,
मग थोडा परत तिच्याकडे.