एक खेचर, रंग उंदरी

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, ऋषीचं कूळ शोधू नये.
कापूस वेचणाऱ्यांच्या कुळाबद्दल
कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही,
म्हणून मी आले.

अलाबामातल्या एका कोर्टाचं तळघर.
वर गाडी जोरात हाकल्याचा दंड भरणाऱ्यांची रांग,
खाली मी, आणि थर्मन नावाचा कारकून,
जो प्रत्येक बाड टेबलावर ठेवताना बजावतो,
"सावकाश, बाई. हे माझ्या गुडघ्यांपेक्षा जुनं आहे."

ओझेल आत्या फोनवर हसली.
"काय मिळणार तुला? आपण कुणीच नव्हतो.
दर दोन वर्षांनी बिऱ्हाड गाडीत.
कोंबड्यांनाही सवय झालेली,
गाडी जुंपताना दिसली की
पाय बांधून घ्यायला आपणहून आडव्या व्हायच्या."

१९००ची शिरगणती.
लेम्युएल स्टॅन्सिल, वय एकतीस. शेती, निम्म्या वाट्यानं.
वाचता येतं : नाही. लिहिता येतं : नाही.
बायको : झेड.
एवढंच. एक अक्षर आणि टिंब.
मुलं झालेली : सात. हयात : चार.

१९१०मध्ये तोच माणूस स्टॅन्सल, आणि विधुर.
१९२०मध्ये स्टँडसिल.
दारात उभ्या राहिलेल्या कारकुनाला जे ऐकू आलं, ते आमचं आडनाव.
चुकलंय म्हणायला
आधी वाचता यायला हवं.

कूळ शोधायला आले आणि सापडलं कूळच :
दुसऱ्याची जमीन कसणारं.
आज त्या जमिनीवर पाइनची झाडं आहेत, रांगेत लावलेली,
कागदाच्या गिरणीसाठी.

मग गहाणखतं.
दर मार्चला ब्रॅसवेलच्या दुकानातून
बियाणं, खत, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी.
तारण : उभं पीक, आणि
एक खेचर, मादी, नाव किट, रंग उंदरी,
वय नऊ, डाव्या कानाला खाच.
पुढल्या वर्षी किट दहा. मग अकरा.
खेचराला नाव, रंग, वय, कानाची खाच,
आणि माझ्या पणजीला टिंब.

खाली दरवेळी एक फुली. लेम्युएल, त्याची खूण.
सरळ, हिशेबी फुल्या, जणू कुंपणाचा खांब रोवतोय.
फक्त १९०४ची एक रेघ
कागदाबाहेर गेलेली.
त्यावर मी काही लिहिणार नाही.

शाळेत शिकले होते, खेचराला वंश नसतो.
तिथे बोट ठेवून मी तीन दिवस मागे गेले,
किट आठ, किट सात,
आणि मृतांच्या मालमत्तेच्या बाडात
एसा क्रम्प्टन, १८९३ :
एक बिडाची कढई. चार खुर्च्या, पैकी एक मोडकी.
मधमाश्यांची दोन पेट्यांतली वसाहत.
खेचर किट, उंदरी, वय चार, डावा कान खाचेचा,
मुलगी झिल्फा हिच्याकडे.

झिल्फा.
मोठ्यानं म्हणाले असणार,
कारण थर्मननं डबा खाता खाता मान वर केली.
"काही हवंय?"
नको, म्हटलं. झिल्फा, म्हटलं.
"बरं," तो म्हणाला, आणि अंड्याचं सँडविच पुन्हा उचललं.

रात्री ओझेल आत्याला नाव सांगितलं.
तिला ते काहीच आठवून देईना.
नव्वदीच्या घरातली बाई, आपल्याच आजीचं नाव
दोनदा विचारून घेत होती, लिहून घेत होती.
मग मी खेचराचं सांगितलं.

फोनवर बराच वेळ नुसता तिचा पंखा.

"किट म्हणालीस?
बाबा आमच्या प्रत्येक गाडीला किट म्हणायचे.
फोर्डला किट. ट्रकला किट.
चढावर गाडी अडली की तिच्या कानात बोलावं तसं
वाकून काहीतरी पुटपुटायचे.
आई चिडायची. तिला वाटायचं,
लग्नाआधीची कुणी असेल."

तळघर उद्या नऊला उघडतं.
सातातून चार गेले.
त्या तिघांची मला अजून टिंबंही सापडलेली नाहीत.