पातळ हवा

ओरुरोच्या बाजारात लाल, चकचकीत शंकू होते.
"दहा घोडे जास्त," विकणारा म्हणाला.
एउलोखियाने काळा, बंद डबा घेतला:
उघडा शंकू इंजिनाचीच ऊन हवा पितो,
आणि इथली आधीच तिसऱ्यांदा पाणी घातलेल्या ताकासारखी.

दहाचा पाना. एक क्लिप तुटली. एक शिवी.
जुना फिल्टर पायरीवर आपटला –
खाणीच्या रस्त्याची धूळ, पतंगाचा एक पंख.
उन्हात बसलेला बाप म्हणाला, दे इकडे.
घड्यांतून बोट फिरवलं, वास घेतला. ओळखीचा.

सेन्सरची वायर राहिली होती; गाडी खोकली.
दोघं हसले.
मग तो एकटाच खोकत राहिला.

वायर लावली. हवा आत ओढणारा
नवा, उद्धट आवाज.
घोडे किती वाढले कोण जाणे.
तिचा हात किल्लीकडे गेला, तर बाप:
राहू दे चालू.