उरलेला कागद

ईसीजीच्या रोलचं शेवटचं वीतभर
मशीन घेत नाही.
ते मी एप्रनच्या खिशात सारते,
ड्यूटी सुटली की परळहून शिवडीला पायी.

डॉक्टर म्हणाले, झोपेची गोळी अर्धी करून बघा.
नलूताई म्हणाली, जप कर.
मी जेट्टीच्या कठड्यावर बसून
ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढते.

ओहोटीच्या चिखलात फ्लेमिंगो.
कागद मुळातच गुलाबी,
रंगाचा खर्च नाही.
पाय तेवढे जमत नाहीत,
माझे सगळे पक्षी लंगडे.
एकाचं तर चक्क बदक झालंय.
चहावाला इद्रिस मागून डोकावतो:
"मान अजून वाकवा."
वाकवते.

भावाची पट्टी मीच काढली होती,
त्या रात्री पाळी माझी होती.
ती सरळ रेघ
कुणाकडे बोलले नाही.

आज बारीक चौकटींवरून
एक आडवी रेघ ओढली गेली
आणि हात थांबला.
बराच वेळ.
इद्रिसनं ग्लास ठेवला, गेला.
मग रेघेखाली चिखल भरत गेले,
वर टेकवला
एक लंगडा पाय.

घरी येऊन भात लावला.
गोळी घेतलीच, अर्धी.
बोटांना शिसं तसंच होतं,
जेवताना दिसलं.