उतार

उद्यमनगरच्या रियाज शिकलगारनं
शाहूपुरीतल्या आमच्या गूळ गोदामात
दोन नमुने आणून उभे केलेत.
एक चाकांचा, एक रोलरचा.
मोटार नाही, वायर नाही.
"फक्त उतार द्यायचा, ताई. बाकीचं वजन बघतंय."

चाकांचा हलका. दोघी बायका उचलून
कुठंही नेतील, हवा तसा वळवतील.
एक किलोच्या ढेपांचे खोके त्यावरून
शाळा सुटल्यासारखे पळतात.
पण पोतं ठेवलं की फटींत पोट सोडून बसतं,
जेवलेल्या पाहुण्यासारखं.

पत्र्याची घसरगुंडी सगळ्यात स्वस्त होती.
पाझरलेला गूळ तिला कधीच सोडणार नाही,
म्हणून तो कागद मी आधीच
चहाच्या कपाखाली घातला.

रोलरचा जड. रियाज बोटं उघडून दाखवतो:
"मालाखाली कायम तीन रोलर पायजेत.
दोनावर डुलतंय, एकावर तोंडघशी पडतंय.
चुलीलाबी तीनच दगड असत्यात न्हवं?"

पिराजी नाईकवडी पोत्यांवर बसून
तंबाखू मळत सगळं ऐकत होता.
तीस किलोचा रवा पाठीवर,
फळीवरून खाली, पुन्हा वर,
बत्तीस वर्षं.
"मामा, कुठला घेऊ?"
तो उठला. रोलरच्या वरच्या टोकाला रवा ठेवला,
ढकलला नाही. चालत खालच्या टोकाला गेला
आणि तळहात धरून उभा राहिला.

रवा धडकला. "लई जोरात येतोय. एक वीट काढ."
काढली.
"आनी अर्धी."
आता रवा मध्येच थबकला,
जरा विचार केल्यासारखा,
मग निघाला
आणि त्याच्या हातात आला आवाज न करता.

दहा फुटांना चार इंच, मी वहीत लिहिलं.
खाली छापलेलंच होतं: रबरी अडसर, एक नग.
"आन् मी?" पिराजीनं विचारलं.
त्या कागदावर तसा रकाना नव्हता.
"खाली तुम्हीच की. रवा बघून प्रत लावायला कोण आहे दुसरं?"
"मग उंची माझ्या कमरंइतकी ठेवा. वाकणार न्हाई आता."

रियाजनं टेप काढला,
जमिनीवर टोक दाबलं,
कमरेपाशी अंगठा धरला.
दोन फूट नऊ.

पिराजी म्हणाला,
"थांब. ताठ उभा न्हवतो मी.
परत घे."