श्वास धरा, सोडा

आमच्या इंदुरात पानगळ काही
गाडी करून बघायला जावी अशी नसते.
माघ सरता सरता रेसिडेन्सीच्या रस्त्यावरचा
एखादा देशी बदाम तांबडा होतो, एवढंच.
तोही एका बाजूनं. दुसरी हिरवीच,
तिला कुणी निरोप दिला नसावा.

आणि गळलेलं पान या शहरात
साडेसहाच्या पुढे जमिनीवर टिकत नाही.
झाडू येतो. मागून गाणं वाजवत गाडी येते.
म्हणून मी सहाला पोचते,
लेकीनं टाकलेला कॅमेरा शालीत गुंडाळून.

बत्तीस वर्षं एम.वाय.च्या अंधाऱ्या खोलीत
मी छातीचे फोटो काढले.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास धरा.
सोडा.
सगळ्यांनी ऐकलं माझं,
पैलवानांनी, नव्या सुनांनी, विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांनी.
झाड ऐकत नाही.
हळूच म्हणून पाहिलं मी त्याला, खोटं कशाला सांगू.

पहिल्या दिवशीचे एकेचाळीस:
कशात पान हललेलं, कशात मी.
एकात विजेची तार झाडाच्या गळ्यातून आरपार.
एकात नुसतंच आभाळ,
कारण पान तोवर खाली पोचलं होतं.
एकात माझा अंगठा,
उजेड पिऊन गुलाबी झालेला, कडेला हाडाचा भास.
तो मात्र मी बराच वेळ बघत बसले.

बिघडलेल्या फिल्मवर आम्ही लाल पेन्सिलीनं फुली मारायचो.
खोकलेलं पोर, बरगड्या दुहेरी.
मंगळसूत्र काढणार नाही म्हणालेली बाई,
छातीच्या मधोमध दोन पांढऱ्याशुभ्र वाट्या.
फुली. पुन्हा उभ्या राहा.
महिनाअखेर सराफ्यातून एक माणूस यायचा,
तो गठ्ठा किलोवर तोलून न्यायचा.
धुऊन चांदी काढायचे म्हणे त्यातली,
आणि जितकी काळी फिल्म तितकी चांदी जास्त.
मी सही करून पावती फाडायची,
पुढचा नंबर पुकारायची.

चौथ्या दिवशी सुगनबाई आली वेळेआधी.
मी गुडघ्यांवर, डांबरावरच्या एका पानाशी,
किडीनं खाऊन त्याची जाळी झालेली,
शिरा तेवढ्या शाबूत.
मला ती फुप्फुसासारखी दिसत होती, सवयीनं.
“थांब ना गं जरा,” मी म्हटलं.
ती थांबली, झाडू टेकवून. पाच सेकंद असतील.
मुकादम कोपऱ्यावर दिसला
आणि झाडू फिरला.
माझं बोट तेव्हाच दाबलं गेलं.

त्या फोटोत पान नाही.
तांबड्या रेघा आहेत, उडत्या,
धूळ, उन्हाची तिरीप,
आणि एक हात मनगटापाशी विरघळलेला,
त्यात बांगड्यांची हिरवी फिरकी.
घरी येऊन तो पुसायला गेले.
बोट बटणावर ठेवलं, उचललं.
पुन्हा ठेवलं.
चहा गार झाला.

नंतर मी तिचा एक नीट फोटोही काढला.
पदर सावरून, झाडू मागे लपवून
ती उभी राहिली, अगदी भिंतीला टेकल्यासारखी,
न सांगता श्वास धरून.
एकेक केस मोजून घ्यावा असा आला.

दोन्ही छापून नेले शनिवारी.
सुगनबाईनं हात पदराला पुसले,
एक इकडून पाहिला, एक तिकडून.
नीट होता तो परत दिला.
“या वाली,” म्हणाली, आणि हललेला
ब्लाउजमध्ये खोचून लागलीच कामाला लागली,
कारण बदामानं तेवढ्यात
आणखी चारपाच टाकली होती.