दारामागची सूचना, खोली नंबर दोन

गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे.
लाल दिवा लागत नाही, पाणी मात्र तापतं.
तेवढा विश्वास ठेवा.

पहाटे गल्लीत भोंगा वाजतो, तो पोदेर.
खिडकीतून ओरडू नका, खाली उतरा.
उंडे संपले असतील तर कातरे घ्या.
पोई हवी तर आदल्या दिवशी सांगून ठेवा,
कारण समोरच्या एस्पेरांसाबाई सगळ्या नेतात,
आणि नीट मागितल्या तर त्यातल्या दोन देतातही.

त्यांच्या निळ्या भिंतीपुढे फोटो काढायचा
तर आधी दार वाजवा.
मागच्या नाताळात नवरीच्या वेशातली एक मुलगी
त्यांच्या पायरीवर पाऊण तास उभी होती,
आणि त्यांच्या भावाचा ऑक्सिजन आणणारा पोरगा
गल्लीच्या तोंडाशी, खांद्यावर सिलिंडर,
तिचं हसू जमेपर्यंत थांबला होता.
ती मुलगी वाईट नव्हती. तिला दिसलंच नाही.

दुपारी एक ते चार पणजी मिटते.
'सुशेगाद' छापलेला टी-शर्ट घालून
कुणाचं शटर ठोकू नका.
आत झोपलेला माणूस पहाटे चारला उठलाय.

बाजारात सुंगटांचा दर ऐकून
निघून जायचं नाटक करू नका.
ते नाटक तिनं तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

रात्री मांडवीत जे झगमगतं त्याबद्दल
मला काही विचारू नका.
त्यापेक्षा बेतीची फेरी घ्या,
चालत जाणाऱ्याला तिकीट नाही.
पलीकडे बघण्यासारखं काही नाही.
पलीकडून पणजी बघायची, आणि परत यायचं.

ही सूचना आधी चार ओळींची होती.
गिझर, चावी, टॉवेल, पंखा.
मग रेमेदियोस नावाच्या बाई आल्या,
स्पेनमधल्या कादिथच्या, सत्तरीच्या पुढच्या,
गुडघ्याला पट्टा, अकरा दिवस मुक्काम.
नातवाकडून फोनवर चार ओळींचा अर्थ लावून घेतला
आणि मला म्हणाल्या, ही खोली झाली. गाव कुठाय?

जाताना कॅलेंडरच्या मागे
त्यांच्या गावाची सूचना लिहून ठेवून गेल्या.
लायब्ररीतल्या मास्तरांनी मला ती वाचून दाखवली.

पूर्वेचा वारा सुटला की कुणाशी वाद घालू नका,
तीन दिवस कुणीच शहाणं नसतं.
तळलेली मासळी कागदाच्या पुडीतून घ्या,
बाकावर बसून खा,
समुद्र दिसतो म्हणून जास्त पैसे घेणाऱ्या टेबलावर बसू नका,
समुद्र तीन बाजूंना आहे, कुठूनही दिसतो.
बाजारात डावीकडची तिसरी मासेवाली माझी चुलतबहीण.
तिला माझं नाव सांगू नका, दर वाढवील.
संध्याकाळी धक्क्याच्या भिंतीवर बसा.
सगळे बसतात. कारण विचारू नका.

मी सावंतवाडीच्या पुढे दोनदाच गेलेय,
दोन्ही वेळा लग्नाला.
पण त्या गावात मला सोडलं
तर मी उपाशी राहणार नाही.
वारा अंगाला लागला की गप्प बसेन.
तिसऱ्या मासेवालीकडे बघून घेईन, नाव घेणार नाही.

एस्पेरांसाबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या,
कुंदाबाय, तू आधी मिरामारला तरी जा,
पाच वर्षं झाली.
खरं आहे.

तर चावी खालच्या तुळशीच्या नव्हे, अबोलीच्या कुंडीत.
ड्रॉवरमध्ये निळी वही आहे,
तुमच्या गावाचं तिच्यात लिहून जा.
किल्ले, देवळं नकोत, ती छापलेली मिळतात.
पाव कुठला, वारा कधीचा,
कुणाचं दार आधी वाजवायचं, एवढंच.
अक्षर नीट काढा, मास्तरांना आता कमी दिसतं.

आणि गिझर बंद करा.