तीन दाब

मे महिन्यात शिवसागर खाली जातो
आणि बामणोलीचा काठ तांबडा, निसरडा, उघडा पडतो.
तेव्हाच आम्ही बोट ओढून घेतो ओंडक्यांवर,
मागची बाजू जांभळीच्या सावलीत.
यंदा वळण घेताना ती गुरगुरत होती,
जात्यात खडा आल्यासारखी.
वासोट्याला निघालेली पोरं विचारायची,
ताई, हे काय वाजतंय?
मी म्हणायचे, मासे.

सहा नट. सहावा नेहमीचाच रुसका,
त्याला रॉकेल पाजून रात्रभर ठेवला.
सकाळी ड्राइव्ह उतरवला तिघांनी,
मी, धोंडीराम उतेकर आणि त्याचा पुतण्या,
आजाऱ्याला डोलीतून उतरवावं तसा.
रबरी भात्याला घडीवर चीर,
नखाएवढी.
आतलं ग्रीस ताकाच्या रंगाचं.

मागं खुर्चीवर अण्णा.
डोळ्यांत मोतीबिंदू,
कानांत मात्र अख्खी बोट अजून शाबूत.
मी अकरा वर्षांची असताना त्यांनी ग्रीसगन दिली होती हातात,
हातापेक्षा लांब.
दर अमावस्येला तीन दाब.
चौथा नको, सील फुटेल.
मी मोजून तीन.
तिसरा घट्ट लागायचा
आणि मला वाटायचं, भरलं पोट हिचं.

साताऱ्याच्या एमआयडीसीत बनवून घेतलेला पुलर,
त्याचा घण मागे आपटायचा, पुन्हा आपटायचा.
सतराव्या दणक्याला बेअरिंग निघालं
किडक्या दाढेसारखं.
बोटानं फिरवलं. फिरेना. मग फिरलं, मग अडलं.
छर्रे तपकिरी, कोरडे,
करवंदाच्या बिया उन्हात राहिल्यासारखे.
आणि बाहेरच्या कड्याचं भोक
वर नव्हतंच.
ग्रीसची वाट वरून येते;
भोक खाली, डावीकडे,
भलत्याच गावाकडे तोंड करून बसलेलं.

धोंडीरामनं माझ्याकडे पाहिलं.
बारा वर्षांपूर्वी बसवलेलं ते. कुणी, हे त्यालाही ठाऊक.

"काय झालं?" अण्णा.
"काही नाही. झिजलंय."
"भोक बघ."
मी गप्प.
पुतण्या उगाच पान्हे पुसायला लागला.
मग त्यांनीच:
"दिवस बुडाला हुता. बॅटरीचे सेल गेलेले.
चाचपून बसवलं. वाटलं, बरोबर असंल."
आणि बऱ्याच वेळानं,
"दुसऱ्या दिवशी वऱ्हाड हुतं पलीकडच्या काठाचं."

बारा वर्षं, तीन-तीन दाब.
हिशेब मी केला नाही.
तारेनं नळी कोरली तेव्हा निघालं ते सगळं,
पिवळं, मेणासारखं घट्ट,
माझं अकरावं वर्ष, माझं तेरावं,
आयटीआयला फॉर्म भरला तो पावसाळा.
धोंडीराम म्हणाला, फेकू नको, दाराच्या बिजागरीला चालंल.
डब्यात भरून घेतलं त्यानं.

नवं बेअरिंग मुंबईच्या दारुखान्यातून आलेलं,
शेवटचा प्रवास एसटीनं, कंडक्टरच्या सीटखाली.
ते शेलारांच्या फ्रीजरमध्ये ठेवलं दोन तास,
मँगो कुल्फी आणि चिलापी यांच्या मधोमध.
गारठ्यानं लोखंड अंग चोरतं,
केसभर.
तेवढं पुरतं.

नळी जिथं उघडते, बरोबर त्या रेषेत
कपाळावरची टिकली काढून चिकटवली मी कडेला.
बेअरिंग फडक्यात गुंडाळून दुकानापासून काठापर्यंत धावत.
भोक टिकलीसमोर. पुन्हा पाहिलं. पुतण्याला दाखवलं.
धोंडीरामनं लाकडाचा ठोकळा धरला,
मी घाव घातले.
पोकळ, पोकळ, पोकळ,
मग एकदम भरीव.
"बसलं," खुर्चीवरून.

ग्रीसगन मी त्यांच्या मांडीवर ठेवली.
उठले. हात धरला नाही कुणी, त्यांना आवडत नाही.
निप्पल चाचपून सापडलं.
पहिला दाब.
दुसरा.
मी आत बोट घालून थांबलेले.
तिसऱ्याला छर्ऱ्यांच्या फटीतून सरकत आलं,
निळं, मऊ, गार.
"आलं," मी म्हणाले.

त्यांनी चौथा दाबला.